मागच्या दारची ओडी

१

एनिफाच्या स्वयंपाकघराला दोन दारं होती. एक जेवणघरात उघडायचं, साहेब लोकांसाठी. दुसरं मागचं, अंगणात उघडणारं. भाजीवाल्या बायका, सरपणवाला, दूधवाला, सगळी माणसं त्या मागच्या दाराने यायची. यायची म्हणजे पायरीवर उभं राहून आधी 'ओडी' म्हणायची. आतून 'ओडिनी', म्हणजे या, असं उत्तर आलं की मगच आत पाऊल. दार सताड उघडं असो, घरातली बाई समोर भाजी चिरताना दिसत असो, उत्तर ऐकल्याशिवाय उंबरा ओलांडणारा माणूस थ्योलोच्या त्या डोंगरउतारावर सापडला नसता.

बंगला चहाच्या मळ्याचा होता, गोऱ्या मालकांच्या वेळचा. मालक केव्हाच गेले. आता मळा कंपनीचा होता आणि ब्लॅन्टायरहून आलेले साहेब बंगल्यात एखाददुसरी रात्र उतरायचे. एरवी तिथे एनिफा आणि चुलीपाशी पसरलेली एक म्हातारी कुत्री, एवढंच.

ओडी ऐकून दाराबाहेर कोण आहे ते एनिफा बरोबर सांगायची. दूधवाल्याची ओडी झोपाळू. खालच्या मजूरवस्तीतल्या म्हाताऱ्या आगोगो, म्हणजे आजी, नासिबेकोंची ओडी भांडण काढल्यासारखी. आणि तिच्या मुलाची, लिंबिकानीची, एका दमात यायची, "ओडी आमायी भूक!" आमायी म्हणजे आई.

तो लहान असताना एकदा चिपेरोनी लागली होती. मोझांबिककडच्या डोंगरावरून थंडीत ते बारीक, धुक्यासारखं पाणी येतं आणि दिवसच्या दिवस हलत नाही. एनिफा पुढच्या खोल्यांतल्या चादरी बदलत होती. परत येऊन बघते तर उघड्या दारापुढे पोरगं कुडकुडत उभं, नखशिखांत भिजलेलं.

"अरे, दार उघडं आहे ना! आत का नाही आलास?"

"तू ओडिनी म्हणालीच नाहीस."

तिने त्याला पुसलं, पोटाशी धरलं, आणि पुढे कितीतरी दिवस भेटेल त्याला ही गोष्ट सांगितली. माझं पोर बघा, असं. वळण म्हणावं तर हे.

मोठा झाल्यावर लिंबिकानी जोनीला, म्हणजे जोहान्सबर्गला कामाला गेला. जायचेच सगळे. आधी त्याचा फोन यायचा, मग कधीमधी यायचा, मग लागेनासा झाला. जोनीला जाऊन न परतणाऱ्या माणसाला तिथे माचोना म्हणतात. माचोना म्हणजे मेलेला नव्हे. त्याच्यासाठी रडायला बसत नाहीत, त्याची कबर नसते, त्याच्या नावाने जेवण घालत नाहीत. तो फक्त आलेला नसतो. एनिफापुढे हा शब्द कुणी काढत नसे. तिची बहीण खाली गावात घर बांधून बसली होती, ये म्हणायची. एनिफा जात नव्हती. लिंबीला आईचं घर म्हणून हेच दार ठाऊक होतं. फोन बंद झाला त्या वर्षी तिने मागच्या दाराची आतली कडी स्वतःच्या हाताने काढून टाकली.

२

त्या वर्षीची चिपेरोनी नुकतीच लागली होती. दुपारची वेळ, बंगल्यात कुणी उतरलेलं नाही. एनिफा शेंगदाणे कुटत होती. मुसळ खाली आलं आणि वर जाताना जी फट राहते त्या फटीत आवाज आला.

"ओडी."

तिच्या तोंडात उत्तर आलंच होतं. पण आवाज नेहमीच्या जागेवरून आला नव्हता. माणूस पायरीवर उभा राहून बोलतो तेव्हा आवाज दाराच्या वरच्या अर्ध्या भागातून येतो. हा खालून आला होता, उंबऱ्याच्या जवळून.

वस्तीतलं एखादं रांगतं पोर असेल, असं म्हणून ती उठली आणि दार उघडलं.

कुणी नव्हतं. अंगण धुक्याने भरलं होतं, पलीकडच्या चहाच्या रांगा दिसत नव्हत्या. ती दार लावणार तेवढ्यात तिचं लक्ष पायरीकडे गेलं. सकाळपासून पाणी पडत होतं, अंगण ओलं, कठडा ओला, पायरी ओली. पायरीचा मधला एक पट्टा तेवढा कोरडा होता. लांबट. दाराकडच्या टोकाला रुंद, अंगणाकडे निमुळता. कुणीतरी बराच वेळ तिथे पडून होतं आणि आत्ता उठून गेलं, असा.

कुत्री झोपली असेल, तिने मनात म्हटलं. मग मागे वळून पाहिलं. कुत्री चुलीपाशी होती, अंगावर राख, पोट वरखाली होत होतं.

बघता बघता तो पट्टा बारीक थेंबांनी भरून गेला. मग बघण्यासारखं काही उरलं नाही. एनिफा परत मुसळ घेऊन बसली. पण त्या दिवशी कूट जाडंभरडंच राहिलं.

३

दुसऱ्या दिवशी आगोगो नासिबेको भोपळ्याची पानं घेऊन आल्या. दोघी पानांच्या दांड्यांचे दोर सोलत बसल्या.

"काल कुणाचं पोर आलं होतं का हो वर?" एनिफाने विचारलं. "ओडी म्हणालं आणि पळालं."

"एवढ्या थंडीत? आमची पोरं अंथरुणात मुततील पण बाहेर नाही जायची." आगोगो हसल्या आणि हसता हसता थांबल्या. हातातला दोर अर्धाच सुटून लोंबत राहिला. "वरून आली का खालून?"

"काय?"

"ओडी. उभ्या माणसाची, का खालून?"

एनिफाने दाराच्या खालच्या फळीकडे पाहिलं.

"तू उत्तर दिलंस?"

"नाही. सरळ दार उघडलं."

"तोंडाने काही बोलली नाहीस ना? आठव नीट."

"नाही हो आगोगो. काय झालंय काय?"

आगोगोंनी पान खाली ठेवलं. "इथे एक आचारी होता. मुहेरिवा. आपल्याच लोमवे जमातीतला. त्याची आई वारली. मालकाने सुट्टी दिली नाही. तो तसाच गेला, आईला पुरलं, आणि त्याच दुपारी धावत परत आला. चहा तरी वेळेवर होऊ दे म्हणून. हातावरची कबरीची माती धुवायला थांबला नाही. मालक व्हरांड्यात बंदूक घेऊन बसलेला."

"मारलं?"

"पाडलं. मेला नाही लगेच. सरपटत या पायरीपर्यंत आला आणि ओडी म्हणाला."

"आत कुणी नव्हतं?"

"माझी आजी होती. इस्त्री करत होती. मालकाने ओरडून सांगितलेलं, जो दाराशी जाईल त्यालाही गोळी घालीन. आजीच्या हातात ती कोळशाची इस्त्री. तिला ना उचलवेना ना ठेववेना. चादर जळून मेजाला डाग पडला. बाहेर तो ओडी म्हणत होता. अशीच चिपेरोनी होती. अंधार पडेपर्यंत म्हणत होता."

"दाराला कडी होती?"

"नव्हती. नुसतं लोटलेलं. बोटाने ढकललं असतं तरी उघडलं असतं."

"मग ढकललं का नाही त्याने?"

आगोगोंनी तिच्याकडे असं पाहिलं की एनिफाला आपण काहीतरी निर्लज्जासारखं विचारलं असं वाटलं.

"आतून ओडिनी आली नव्हती ना, पोरी."

आगोगोंनी खाली ठेवलेलं पान परत उचललं.

"कोर्टात मालक म्हणाला, आवाज न देता आला, चोर वाटला. आवाज न देता! मग बोटीत बसून आपल्या देशी गेला. आणि माझी आजी म्हातारपणी कशालाही ओडिनी म्हणायची. दार वाजलं, ओडिनी. शेळी ओरडली, ओडिनी. आम्ही पोरं मुद्दाम शेळी ओरडवायचो आणि हसायचो." आगोगोंनी नाक पुसलं. "तू मात्र उत्तर देऊ नको. एकदा ये म्हटलं की तो पाहुणा झाला. पाहुण्याला जा म्हणता येत नाही."

"म्हणजे तुमच्या त्या दिरासारखं," एनिफा म्हणाली. तिला हसायचं होतं. "दोन दिवसांसाठी म्हणून आलेला."

"तो तरी मेल्यावर गेला," आगोगो म्हणाल्या. "हा मेल्यावर येतो."

४

चिपेरोनी हटली नाही. ओडीही हटली नाही.

रोज नाही यायची. पण आली की दुपारी, बंगला रिकामा असताना. आधी थोडा वेळ काहीच नसायचं. मग दाराच्या खालच्या फळीवर काहीतरी टेकल्यासारखं व्हायचं, गोणी टेकवावी तसं. मग ते, हळू, घाईने नव्हे.

"ओडी."

एनिफा स्वतःची समजूत घालायची. ओल धरलेलं लाकूड फुगतं, कुरकुरतं. पन्हळीतलं पाणी बादलीत पडताना कधीकधी माणसासारखं बोलतं. तिने बादली हलवून पाहिली. पन्हळीला चिंधी बांधली. मळ्याच्या सुताराला बोलावून दार दाखवलं.

सुताराने फळ्या ठोकून पाहिल्या. "आमायी, हे दार तुमच्यामाझ्यापेक्षा धड आहे. कडी कुठे गेली?"

"काढली."

"बसवून देऊ?"

"नको," एनिफा इतक्या पटकन म्हणाली की सुताराने तिच्याकडे पाहिलं.

एका दुपारी आवाज आला आणि कुत्रीने डोकं उचललं. एनिफाला वाटलं, भुंकेल. कुत्री दाराकडे बघत राहिली आणि तिची शेपटी जमिनीवर आपटू लागली. धप, धप. लिंबी जोनीला निघाला तेव्हा ही एवढीशी होती, त्याच्या शर्टात मावायची.

त्यानंतर एनिफाला घरात चैन पडेना.

एकदा ती जमिनीवर आडवी झाली आणि कान उंबऱ्याच्या फटीला लावला. पलीकडे कुणीतरी श्वास घेत होतं. आत घेतलेला श्वास तुटत होता, बाहेर सोडलेला ओला होता. तिने ऐकून ऐकून पाहिलं. पण दम संपत आलेल्या माणसाच्या आवाजात तो कोण हे उरत नाही. तो म्हातारा आहे का तरुण, परका का पोटचा, काही उरत नाही. फक्त तो एक शब्द उरतो.

तिच्या ओठांशी उत्तर यायचं आणि ती ते गिळायची. पाहुणा घरात बसेल ही भीती नव्हती. रिकाम्या बंगल्यात राहून ती माणसाच्या सोबतीला आसुसली होती, पाहुण्याला ती कशाला भिईल? भीती निराळी होती. मुहेरिवासाठी तिच्या मनातून उत्तर आलं नसतं. ती ओडिनी म्हणाली असती तर लिंबीला म्हणाली असती. आणि तिचा लिंबी त्या दाराबाहेर, त्या उंचीवर, तसा श्वास घेत असेल, तर तो माचोना राहत नव्हता.

जोवर ती गप्प होती तोवर तिचा मुलगा जोनीत कुठेतरी चालत-बोलत होता.

म्हणून ती जमिनीवर पडून राहायची, तोंडात अंगावरच्या कापडाचा बोळा धरून, अंधारून येईपर्यंत. आगोगोंची आजी अशीच उभी राहिली असेल, हे तिला तिथे पडल्या पडल्या कळायचं.

५

वायसोनी परत आल्याची बातमी आधी बाजारातून आली. लिंबी आणि वायसोनी एकाच बसने गेले होते, जोनीत एकाच खोलीत राहायचे. एनिफा सकाळपासून दोनदा मागच्या पायरीपर्यंत जाऊन आली. तो आला दुपारी.

"ओडी!" उभ्या माणसाची ओडी. दाराच्या वरच्या अर्ध्यातून.

"ओडिनी, ओडिनी, ये रे बाळा!"

तो आत आला. अंगात चांगलं जाड जाकीट, पण जाकिटाच्या आत माणूस कमी झालेला. तिने चटई घातली, ख्यालीखुशाली विचारली, त्याने विचारली. ती म्हणाली, "लग्न केलंस की नाही? का तिथल्या पोरी तुझ्यासारख्या बगळ्याकडे बघत नाहीत?"

"बघतात, आमायी. बघतात आणि हसतात."

ती हसली. मग तिने विचारलं, "आणि आपला लिंबी?"

"बरा आहे," वायसोनी चटईकडे बघत म्हणाला. "केप टाउनकडे गेला. हॉटेलात काम आहे, चांगलं. फोन हरवला त्याचा. येणार आहे म्हणाला. पुढच्या थंडीत."

एनिफाने डोळे मिटले. त्या क्षणी तिला इतकं हलकं वाटलं की भिंतीला हात लावावा लागला. तिने चुलीवर मक्याच्या पिठाची एन्सिमा ढवळायला घेतली, पांढरी, घट्ट, लिंबीला आवडायची तशी. भोपळ्याची पानं दाण्याच्या कुटात शिजवली होती. "खा, पोटभर खा. वाळून कोळ झालायस." तिने त्याच्या हातावर पाणी घातलं, ताटली पुढे ठेवली. त्याने पहिला गोळा वळला.

दाराच्या खालच्या फळीला काहीतरी टेकलं.

"ओडी."

कुत्रीची शेपटी हलली. एनिफा ताठ झाली. पाहुण्यासमोर काय सांगावं, लाकूड फुगलंय म्हणावं, असा विचार करत ती वळली.

वायसोनी दाराकडे बघत नव्हता. त्याने मान खाली घातली होती, दोन्ही गुडघे पोटाशी ओढले होते. हातातला गोळा बोटांतून पिळून बाहेर आला होता. आणि तो कुजबुजत होता, भराभर, पुष्कळ वेळा म्हटलेलं म्हणावं तसं.

"गप्प, लिंबी. गप्प ना. गल्लीत आहेत अजून ते. मी दार उघडलं तर दोघांना मारतील. गप्प रहा, लिंबी."

चुलीत एक लाकूड मोडलं.

वायसोनीने वर पाहिलं. आपण कुठे आहोत, काय बोललो, हे त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू आलं.

"आमायी," तो म्हणाला. "तुम्हालाही ऐकू येतं?"

एनिफा त्याच्यासमोर बसली. "कोण होते गल्लीत?"

"तिथलेच लोक. बाहेरच्यांना शोधत होते. काठ्या, कोयते. तो कामावरून येत होता."

"दाराला कडी होती?"

"हो. आतून. मीच..." त्याने बोटांवरची एन्सिमा जाकिटाला पुसली. "पण आमायी, ती पत्र्याची खोली होती. खिळ्याला तार गुंडाळलेली, तीच कडी. त्याने खांदा दिला असता तर सगळं दार आत आलं असतं. त्याने ढकललंच नाही. तो नुसता..."

"ओडी म्हणत राहिला," एनिफा म्हणाली.

वायसोनी रडत होता, आवाज न करता, लहान मुलं माराच्या भीतीने रडतात तसा.

"मीच शिकवलं होतं त्याला," ती म्हणाली.

६

"ओडी."

बाहेर पाणी पडत होतं. दार नुसतं लोटलेलं होतं.

एनिफा उठली. तिने चटई झटकली आणि दारासमोर घातली, उंबऱ्याला लागून, म्हणजे कुणाला लांब यावं लागू नये. हात धुवायचं घमेलं ठेवलं, पाण्याचा तांब्या ठेवला. एका ताटलीत एन्सिमा वाढली. वायसोनी बघत होता.

"आमायी, नको."

"तू जेव," ती म्हणाली. "निवेल."

मग ती दारासमोर उभी राहिली. तिला वाटलं होतं आवाज फुटणार नाही. पण सरपणवाल्याला, दूधवाल्याला म्हणावं तसं साधं आलं.

"ओडिनी."

काही झालं नाही. पाण्याचा आवाज तेवढा. मग तिच्या पाठीमागून, भिंतीकडे तोंड करून, वायसोनीही म्हणाला. इतक्या हळू की ते तिलाच ऐकू यावं. "ओडिनी."

दार हललं. माणूस उघडतो तसं नाही. खालची कड आधी हलली, वरची नंतर, जणू जमिनीलगत कुणी खांदा लावला होता. धुकं आत आलं. त्याच्याबरोबर भिजलेल्या कपड्यांचा वास आला, आणि उकरलेल्या मातीचा.

उंबऱ्यावर एक हात आला. तळवा जमिनीला टेकलेला. मनगटापर्यंत लाल.

एनिफा वर पाहू शकली असती. चेहरा एवढ्यातच कुठेतरी असणार होता, हाताच्या मागे, थोडा वर. पण पाहुण्याचे हात मळलेले असतील तर बाई आधी त्याच्या हाताकडे बघते. तिने गुडघे टेकले, तांब्या उचलला आणि त्या हातावर पाणी घालू लागली.

हळूहळू घालत राहिली. घमेल्यात पडणारं पाणी लाल होत गेलं. ती माती होती की दुसरं काही, तिने पाहिलं नाही. बोटांच्या बेचक्यांतून, नखांच्या कडांतून, अंगठ्याच्या मुळापाशी. लहानपणी लिंबीचे हात धुताना ती असंच करायची, कुठलाच कोपरा सोडायची नाही आणि तो चुळबुळ करायचा. हा हात चुळबुळ करत नव्हता. तो थंड होता आणि खूप दमलेला होता.

"भिजलास ना," ती म्हणाली. "बैस."

तेवढ्यात कुत्री उठली, हळूहळू चालत आली आणि चटईच्या कडेला अंग टाकून झोपली. जशी माणसाच्या पायाशी झोपते तशी.

७

चिपेरोनी हटली तेव्हा आगोगो नासिबेको वर आल्या. पायरीवर उभ्या राहिल्या. पायरी उन्हात सगळीकडून सारखी वाळली होती. त्या 'ओडी' म्हणाल्या आणि त्यांच्या त्या ओडीत कधी नव्हे ते भांडण नव्हतं.

"ओडिनी, आगोगो."

त्या आत आल्या. भिंतीशी बसून वायसोनी सरपण फोडून रचत होता. तो रोज येऊ लागला होता, कुणी न सांगता. दारासमोर एक चटई होती. चटईवर झाकलेली ताटली, शेजारी घमेलं. आगोगोंनी चटईला वळसा घातला आणि लांब जाऊन बसल्या.

"वस्तीत बोलतायत," त्या म्हणाल्या. "लिंबीसाठी रडायला बसायचं का म्हणून विचारतायत बायका. मका दळून ठेवलाय सगळ्यांनी. तू काही बोलत नाहीस."

"बसू," एनिफा म्हणाली.

"कधी?"

एनिफा दाणे निवडत होती.

आगोगोंनी चटईकडे पाहिलं, मग आवाज खाली आणला. "मुहेरिवा आला की आपला पोर, एनिफा? मला सांग. माझी आजी मरेपर्यंत उत्तर देत होती आणि कुणी आलं नाही. कोण आलं, तेवढं सांग."

एनिफाने ताटलीवरचं झाकण थोडं सरळ केलं, वाफ जाऊ नये म्हणून.

"पाहुण्याचं जेवण होण्याआधी तू कोण, कुठला, असं विचारतं का कुणी, आगोगो?" ती हळूच म्हणाली. "अजून तो जेवतोय."